फॉरमॅट कुणाकडे आहे?

आपल्याकडे ऑफिसात 'टेम्प्लेट' असं सहसा कुणी म्हणत नाही. आपण म्हणतो 'फॉरमॅट'. "ते कोटेशनचं फॉरमॅट टाक ना मला", "पगारपत्रकाचं फॉरमॅट आहे का तुझ्याकडे?", "साहेबांना जुनंच फॉरमॅट लागतं." गंमत बघा, फॉरमॅट नेहमी कुणाकडे तरी असतं, कुठेतरी कधीच नसतं. त्याला पत्ता नसतो, मालक असतो. आणि ज्या दिवशी ते हवं असतं त्या दिवशी मालक नेमका रजेवर असतो.

आमच्या घराण्यात उकडीच्या मोदकांचा एक पितळी साचा आहे. म्हणजे आहे असं सगळे म्हणतात. एका गणपतीत तो आत्याकडे असतो, दुसऱ्या गणपतीत मामींकडे, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांचे फोन त्याच एका कामासाठी वाजत असतात. (आत्या, वाचत असशील तर सांगते, तो सध्या तुझ्याकडेच आहे. माळ्यावरच्या डब्यात बघ. :) ) मोदकांचं एक बरं असतं, साचा नाही मिळाला तर हाताने कळ्या पाडता येतात, आणि खरं सांगायचं तर त्याच जास्त देखण्या होतात. हिशेबाच्या कागदांचं तसं नाही.

तर मंडळी, आजचा विषय अगदी रुक्ष आहे. स्प्रेडशीटचे टेम्प्लेट ठेवायला सगळ्यांचा मिळून एकच फोल्डर असावा, आणि तो नुसता असून उपयोग नाही, प्रत्येकाच्या संगणकावर तोच 'डिफॉल्ट' म्हणून लावलेला असावा, असं माझं मत आहे. मत कसलं, आता हट्टच झालाय. घरचे म्हणतात, यावर काय लिहायचं? पण गेल्या वर्षी या एवढ्याशा गोष्टीपायी एका भल्या माणसाचा एका दुकानावरचा विश्वास गेलेला मी समोर बसून बघितला आहे. म्हणून लिहिते.

मी ज्या दोन-तीन ठिकाणचे हिशेब बघते त्यातलं एक दुकान नाशिक जिल्ह्यात ठिबक संच, तुषार संच, फवारणीचे पंप असला माल विकतं. नाव सांगत नाही. एक मुख्य दुकान आणि तालुक्याच्या गावी एक शाखा. मिळून पाच संगणक. तिघांवर एक्सेल, दोघांवर लिब्रेऑफिस, कारण परवान्याचे पैसे मोजणं मालकांच्या जिवावर येतं. शेतकरी येतो, किती एकर, द्राक्ष का डाळिंब, दोन ओळींत अंतर किती, विहीर किती लांब, एवढं सांगतो आणि कोटेशन घेऊन जातो. हा कागद दिसतो साधा, पण अनुदानाच्या कागदपत्रांत सात-बारा आणि आठ-अ यांच्या पंगतीला हे कोटेशन बसतं. त्याच्यावर माणूस कर्ज काढायचं की नाही ते ठरवतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ मोडीतच निघाले. ठिबक आणि तुषार संच १२ वरून ५ टक्क्यांवर आले. पीव्हीसी पाइप मात्र १८ टक्क्यांवर होते तिथेच राहिले. म्हणजे एकाच कोटेशनात दोन वेगवेगळे दर, आणि त्यातला एक नुकताच बदललेला. १ लाख ८० हजारांच्या ठिबक संचावर १२ टक्क्यांनी २१,६०० रुपये कर होतो, ५ टक्क्यांनी ९,०००. फरक १२,६०० रुपयांचा. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हा फरक लहान नाही.

आता दुकानात कोटेशन बनायचं कसं? शेवटचं कोटेशन उघडायचं, 'सेव्ह अ‍ॅज' करायचं, नाव-गाव-एकर बदलायचे, छापायचं. पाच संगणक, पाच 'शेवटची कोटेशनं'. दर बदलल्यावर प्रत्येकाने आपापली फाइल दुरुस्त केली. शाखेतल्या मुलानेही केली होती. पण दिवाळीच्या सुमारास त्याचा संगणक बिघडला आणि पेनड्राइव्हवरचं एक जुनं कोटेशन कामाला आलं. त्यात १२ टक्के सूत्राच्या पोटात लिहिलेले होते. वेगळ्या खान्यात दर दिसत नव्हता, कागदावर नुसतं 'कर' आणि पुढे रक्कम.

नोव्हेंबरात एक गृहस्थ मुख्य दुकानात आले. हातात दोन कोटेशनं, एक त्यांचं आणि एक चुलतभावाचं. बांधाला बांध लागून जमीन, क्षेत्र तेवढंच, पीक तेच, दुकानाचं नाव तेच, रकमा वेगळ्या. ते भांडायला आलेले नव्हते. कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून म्हणाले, "ताई, त्याला एक भाव अन् मला एक? माझं काय चुकलं व्हतं?"

बिलाच्या वेळी कर बरोबरच लागला असता, कारण बिलं वेगळ्या सॉफ्टवेअरमधून निघतात. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा घेतला, आणि संच दुसरीकडून घेतला. मला त्यांचा जराही राग आला नाही. दोन सख्ख्या शेजाऱ्यांना दोन भाव सांगणाऱ्या दुकानात मीही पाऊल टाकलं नसतं.

मालकांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली होती: त्या पोराला लक्ष द्यायला नको? मला हे पटत नाही. तो पोरगा बाकी चौघं करत होते तेच करत होता. पाच माणसांनी एकाच दिवशी एकच गोष्ट आठवणीने, आपापल्या ठिकाणी, बिनचूक करायची, आणि पुढे कायम आठवणीत ठेवायची, अशी जिथे पद्धत असते तिथे आज ना उद्या कुणीतरी सापडणारच. सापडलेल्याला रागावून पुढच्या वेळी दुसरा कुणी सापडतो, एवढाच फरक.

बरं, या दुकानात सगळ्यांचा मिळून फोल्डर नव्हता का? होता की! 'कॉमन' नावाचा. त्यात 'कोटेशन फायनल', 'कोटेशन फायनल २', 'कोटेशन नवीन हेच वापरा' आणि 'कोटेशन नवीन हेच वापरा - कॉपी' अशा चार फायली सुखाने नांदत होत्या. पण तिथवर जायला पाच क्लिक लागत आणि कालचं कोटेशन उघडायला दोन. माणूस दोन क्लिकचाच रस्ता घेणार. तुम्हीही घ्याल, मीही घेते. म्हणून माझा जोर 'सामायिक' या शब्दापेक्षा 'डिफॉल्ट' या शब्दावर आहे. सरकारी मराठीत याला 'पूर्वनिर्धारित' म्हणतात. मी त्याचा अर्थ असा घेते: तुम्ही काहीच केलं नाहीत तर जे होतं ते. आणि बहुतेक माणसं बहुतेक वेळा काहीच करत नाहीत.

याचा एक नमुना ऐका. माणसाच्या जनुकांची अधिकृत नावं ठरवणारी एक आंतरराष्ट्रीय समिती आहे. काही जनुकांची नावं 'मार्च१', 'सेप्ट१' अशा धर्तीची होती. एक्सेलमध्ये ती टाइप केली की एक्सेल त्यांच्या तारखा करून मोकळं होई. एक मार्च, एक सप्टेंबर. शास्त्रज्ञांच्या कितीतरी तक्त्यांमध्ये हा घोळ वर्षानुवर्षं चालू होता. उपाय काय, तर तो रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवायचा. एका मिनिटाचं काम. पण जगभरातले सगळे संशोधक ते आठवणीने करतील हे घडेना. शेवटी २०२० मध्ये समितीने जनुकांचीच नावं बदलली. 'मार्च१'चं 'मार्चएफ१' झालं, 'सेप्ट१'चं 'सेप्टिन१'. हे रूपांतर बंद करायची सोय एक्सेलने २०२३ मध्ये दिली, तोवर बारशी उरकली होती. सॉफ्टवेअरच्या एका डिफॉल्टपुढे माणसाच्या जनुकांनी मान तुकवली, असं म्हणायला हरकत नाही!

दुसरा नमुना हसण्यासारखा नाही. तोही २०२० चाच, इंग्लंडमधला. करोनाच्या चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून यायचे आणि तिथलं सार्वजनिक आरोग्य खातं ते आपोआप एक्सेलच्या टेम्प्लेटमध्ये ओढून घ्यायचं. टेम्प्लेट होतं जुन्या 'एक्सएलएस' प्रकारातलं. त्यात एका पानावर ६५,५३६ ओळी मावतात, त्यापुढच्या नाहीत. नव्या 'एक्सएलएसएक्स'मध्ये १० लाख ४८ हजार ५७६ मावतात, आणि हा नवा प्रकार २००७ पासून उपलब्ध होता. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यातले १५,८४१ रुग्ण त्या ६५,५३६ च्या कडेवरून खाली पडले. म्हणजे त्यांना निकाल कळले होते, पण त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधणाऱ्या यंत्रणेपर्यंत ती नावं वेळेवर पोचली नाहीत. तेरा वर्षांपूर्वीच जुना झालेला साचा तिथे कुणी बदलला नव्हता, कारण साचा ही बघायची गोष्ट असते असं कुणाला वाटत नसावं.

आपल्याकडे ही समज पूर्वी होती असं मला राहून राहून वाटतं. सात-बारा म्हणजे काय? गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. तलाठ्याच्या दप्तरात एक ते एकवीस क्रमांकांचे गाव नमुने असतात. सातमध्ये जमीन कुणाची, बारामध्ये पीक काय, आठ-अ मध्ये एका खातेदाराची सगळी जमीन एकत्र, सहामध्ये फेरफार. एका कोऱ्या साच्याचा क्रमांक अख्ख्या महाराष्ट्राच्या बोलण्यात नामासारखा रुळला, हे मला फार भारी वाटतं. सिंधुदुर्गातला माणूस नंदुरबारचा सात-बारा वाचू शकतो. त्या नोंदींवरून भाऊबंदकी होते ती वेगळी :) पण रकाना कुठला यावरून कधी भांडण झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि व्यापाऱ्याची चोपडी. लाल कापडी बांधणीची कीर्द-खतावणी पेढीच्या गादीशी असायची. मुनीम घरी गेला तरी चोपडी तिथेच. लक्ष्मीपूजनाला तिची पूजा व्हायची. उद्या कुणी म्हणालं असतं की मी माझी खतावणी माझ्या घरी ठेवतो, तुम्हाला लागेल तेव्हा मागा, तर शेटजींनी त्याला पायरीवरूनच परत पाठवला असता. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क आणलं तेव्हा हा खतावणीचा कागद पहिल्यांदा घरगुती संगणकावर आला. फायदा प्रचंड झाला, पण गादी गेली. प्रत्येकाच्या टेबलावर एक खतावणी आली.

असो. आता जरा कामाचं. ज्यांना सेटिंग्ज वाचायचा कंटाळा आहे त्यांनी पुढचे चार परिच्छेद गाळून भाऊंच्या गोष्टीपाशी यावं.

एक्सेलमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह असं गेलं की 'डिफॉल्ट पर्सनल टेम्प्लेट्स लोकेशन' असा एक खाना दिसतो. २०१३ च्या आवृत्तीपासून तो आहे. त्यात सामायिक फोल्डरचा पत्ता चिकटवायचा. मग फाइल, न्यू केलं की 'पर्सनल' या नावाखाली त्या फोल्डरमधले सगळे साचे समोर येतात. शिवाय एखादी फाइल टेम्प्लेट म्हणून सेव्ह करायला गेलात तर एक्सेल आपणहून त्याच फोल्डरमध्ये नेतं. नावात 'पर्सनल' असताना तिथे सगळ्यांचा पत्ता घालायचा, हे विचित्र आहे खरं. 'वर्कग्रुप टेम्प्लेट्स' अशी खास सामायिक जागाही आहे, पण ती एक्सेलमध्ये कितीही शोधली तरी सापडत नाही. ती लावायची वर्डमध्ये जाऊन! ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, अगदी तळाशी 'फाइल लोकेशन्स'. तिथे लावलं की एक्सेललाही लागू होतं. स्वयंपाकघराचा दिवा न्हाणीघरातल्या बटणाने लावायचा असला हा प्रकार. ज्याला आपलेही खाजगी साचे ठेवायचे आहेत त्याच्यासाठी मात्र हीच सोय बरी, कारण मग 'पर्सनल'चा खाना मोकळा राहतो. लिब्रेऑफिसमध्ये हे सगळं सरळ आहे: टूल्स, ऑप्शन्स, पाथ्स, टेम्प्लेट्स. तिथे एकाहून जास्त पत्ते देता येतात.

पत्ता लिहिताना तो 'झेड ड्राइव्ह' असा लिहू नका. एकाच्या संगणकावर जो झेड असतो तो दुसऱ्याच्या संगणकावर वाय असतो आणि तिसऱ्याच्या संगणकावर नसतोच. ज्या संगणकावर फोल्डर आहे त्याच्या नावापासून सुरू होणारा पूर्ण पत्ता द्यावा. शाखेला दुकानाचं नेटवर्क नाही, तिथे तोच फोल्डर गुगल ड्राइव्हमधून उतरवून घेतो. आणि एक इशारा. एक्सेलमध्येच 'अ‍ॅट स्टार्टअप, ओपन ऑल फाइल्स इन' असा दुसरा एक खाना आहे. मी काम केलेल्या एका ठिकाणी एका उत्साही गृहस्थांनी सामायिक फोल्डरचा पत्ता तिथे घातला. दुसऱ्या दिवसापासून एक्सेल उघडलं की त्या फोल्डरमधल्या यच्चयावत फायली दर्शन द्यायला हजर! त्या खान्याच्या वाटेला जाऊ नये याला आणखीही कारण आहे. १९९६ मध्ये एक्सेलचा 'लारू' नावाचा जो पहिला मॅक्रो व्हायरस पसरला, तो आपली प्रत नेमकी अशाच आपोआप उघडणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवत असे. ज्या जागेतून सगळ्यांच्या संगणकात शिरता येतं, तिथे लिहायचा हक्क सगळ्यांना नसावा. टेम्प्लेटच्या फोल्डरलाही हेच लागू. वाचायला सगळे, लिहायला एकच माणूस आणि त्याचा एक बदली.

फाइल खरोखरच टेम्प्लेट म्हणून ठेवायची, 'एक्सएलटीएक्स' प्रकारात. म्हणजे दुहेरी क्लिक केलं तरी मूळ फाइल उघडत नाही, तिची कोरी प्रत उघडते आणि सेव्ह करताना नवं नाव मागते. साध्या फाइलला 'मास्टर - बदलू नये' असं नाव देऊन भागत नाही. 'फुले तोडू नयेत' या पाटीइतकाच त्याचा उपयोग होतो. आणि साच्यात काय काय असावं? पान ए-फोर, नाहीतर कुठल्यातरी संगणकावर अमेरिकन लेटर साइज लागून शेवटची ओळ दुसऱ्या पानावर जाते, आणि ती ओळ नेहमी एकूण रकमेचीच असते. मराठी मजकूर युनिकोडमध्ये, जुन्या श्रीलिपीतला नाही, कारण तो दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हांची रांगोळी दिसते. लाख-कोटींचे स्वल्पविराम, कारण विंडोज अमेरिकन सेटिंगवर असेल तर १,८०,००० चे १८०,००० होतात. (यासाठी एक कस्टम फॉरमॅट सगळीकडे फिरत असतो, तो चालतो, पण मोठा ऋण आकडा आला की परत हजाराच्या हिशेबावर येतो.) आणि कराचा दर सूत्राच्या पोटात कधीही नाही. स्वतंत्र खान्यात, डोळ्यांना दिसेल असा, शेजारी 'दर लागू दिनांक'.

आता टेम्प्लेटची मर्यादाही सांगते, नाहीतर कुणीतरी नक्की विचारेल. एक्सेलमध्ये टेम्प्लेट बदललं तरी त्यावरून आधी काढलेल्या फायली बदलत नाहीत. जन्मल्यावर नाळ तुटलेली असते. ते एका अर्थी बरंच आहे, गेल्या वर्षी दिलेलं कोटेशन गेल्या वर्षीच्याच दराने राहिलं पाहिजे. पण म्हणूनच 'कालची फाइल उघडून सेव्ह अ‍ॅज' ही सवय मोडावी लागते. आम्ही साच्याच्या माथ्यावर एक खाना ठेवला आहे. साच्याची तारीख सहा महिन्यांहून जुनी झाली की तो लाल होतो. कोटेशन जुन्या फाइलवरून काढलं असेल तर शेतकऱ्यालाही तो लाल खाना छापील कागदावर दिसतो. मालकांना हे आवडलेलं नाही. मला आवडलं आहे.

आता भाऊ.

दुकानात सगळे त्यांना भाऊच म्हणतात, मालकसुद्धा. वीस-बावीस वर्षं झाली त्यांना तिथे. ठिबकच्या आखणीचं एक शीट त्यांनी बनवलं आहे, ते म्हणजे दुकानाचा खरा जीव. एकराचे ४,०४७ चौरस मीटर, दोन ओळींतलं अंतर ९ फूट म्हणजे २.७४ मीटर, भागाकार केला की एकराला सुमारे १,४७७ मीटर नळी लागते, इथपर्यंत कुणालाही जमेल. पण वर किती तूट धरायची, चढ असेल तर किती, जमिनीचा आकार त्रिकोणी असेल तर काय, फिल्टर कुठला, व्हॉल्व्ह किती, हे सगळं भाऊंच्या सूत्रांत आहे. रकाने लपवलेले, शीटला पासवर्ड. भाऊ रजेवर म्हणजे कोटेशन उद्या.

सामायिक फोल्डर करायचा ठरल्यावर मालक मला म्हणाले, त्यांच्या शीटचा पासवर्ड काढून घ्या, तुम्हाला येत असेल. येतो काढता, शीटचा पासवर्ड ही काही तिजोरी नसते. मी नाही म्हटलं. इथे माझं मत बऱ्याच जणांपेक्षा वेगळं पडतं याची मला कल्पना आहे. कामाच्या वेळात, पगारावर बनवलेलं शीट कंपनीचंच, असं माझा धाकटा भाऊसुद्धा म्हणतो, आणि तो आयटीत असल्यामुळे ठासून म्हणतो. कायद्याने असेलही. पण ज्याने वीस वर्षं उन्हात शेतं मोजून ते आकडे जमवले, त्याच्या पाठीमागे कुलूप तोडून ते 'कॉमन'मध्ये टाकायचे, हे मला चोरीसारखंच वाटतं. शिवाय त्यात काही शहाणपणही नाही. सूत्रं मिळतील, पण ती तशी का आहेत ते कोण सांगणार?

मी भाऊंशी बोलायला गेले तेव्हा त्यांनी आधी विषयच टाळला. मग दोन-चार दिवसांनी आपणहून म्हणाले, "ताई, आधीच्या नोकरीत मी अशीच वही मोकळी केली व्हती. सहा महिन्यांनी पोरगं बसवलं माझ्या जागी." त्यावर काय बोलणार? सामायिक फोल्डर ही सोय वरून बघणाऱ्याला सोय दिसते. खाली बसलेल्याला ती कधी कधी आपल्या गरजेचा शेवट दिसते, आणि दर वेळी त्याचं चुकतं असं नाही.

शेवटी मी मालकांना दोन अटी घातल्या. आखणीच्या टेम्प्लेटवर लिहायचा हक्क एकट्या भाऊंना, बाकी सगळ्यांना, मालकांनासुद्धा, फक्त वाचायचा. आणि छापील कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात 'आखणी' लिहून पुढे भाऊंचं नाव. मालकांनी पहिली अट कुरकुरत मानली. दुसरी लगेच मानली, त्यात पैसे जात नव्हते. भाऊंना दुसरीचंच जास्त वाटलं असावं, कारण पासवर्ड त्यांनी त्याच संध्याकाळी काढला. काढला म्हणजे मला कागदावर लिहून दिला. तो त्यांच्या मुलीची जन्मतारीख होता.

पाचही संगणकांवर डिफॉल्ट लावून आता काही महिने झाले. शाखेतला मुलगा फाइल, न्यू करतो आणि पहिलंच चित्र 'ठिबक कोटेशन'चं असतं. दोन क्लिक. एक संगणक अजून हट्टाने कालचीच फाइल उघडतो, आणि तो मालकांचा आहे.

पुढच्या मार्चमध्ये भाऊ निवृत्त होतील. बदली म्हणून लिहायचा हक्क कुणाला द्यायचा हे ठरलेलं नाही. मालक म्हणतात पुतण्याला, भाऊ म्हणतात शाखेतल्या पोराला, "त्याला एकदा फटका बसलाय, तो बघून करंल." तोवर मी भाऊंच्या मागे लागून टेम्प्लेटमध्ये एक जास्तीचं पान जोडून घेतलं आहे, 'कारणं' नावाचं. कुठला आकडा तसा का धरला ते तिथे लिहायचं. त्यांना टाइप करायचा कंटाळा, ते आठवड्याला एखादी ओळ लिहितात. परवा बघितलं तर अकरा ओळी झाल्या होत्या. बाराव्या ओळीत नुसतं 'फिल्टर' एवढंच लिहून ठेवलं आहे.